उलटी मारलेली पट्टी

दादा, तुला तुमच्या सोसायटीच्या कमिटीने फसवलं. बागेतला वहिनीचा बाक सांभाळून ठेवतो, नवी इमारत उभी राहिली की तिच्या बागेत परत बसवतो, असं सांगून त्यांनी रिडेव्हलपमेंटच्या कागदावर तुझी सही घेतली आणि बाक भंगारात घालवला. हे मी सगळ्यात आधी लिहून टाकते. पुढे लिहिताना राग आला, रडू आलं, वाक्यं अर्धी राहिली, तरी ही एक गोष्ट राहून जायला नको.

तुझी शोकसभा वर्तकनगरच्या शाळेच्या हॉलमध्ये झाली. तुमची इमारत आता नाहीच, पत्र्याचं कुंपण आणि आत खड्डा. सेक्रेटरी नाईक बोलायला उभे राहिले. म्हणाले, "काका म्हणजे समंजसपणा. इतक्या वर्षांत या माणसाने सोसायटीकडे कधी काही मागितलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मनात म्हणत होते, मागितलं होतं की. एकच गोष्ट मागितली होती. पण तेव्हा मला बाकाचं काही माहीत नव्हतं. तेव्हा मला वाटत होतं, तो कुठेतरी ताडपत्रीखाली तुझी वाट बघतोय. म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसले, दादा. तू असतास तर चेष्टा केली असतीस, "कुंदे, तब्येत बरी आहे ना?"

माझ्या तोंडाची तुला कायम भीती. मी गावाहून तुझ्या दोन खोल्यांत राहायला आले तेव्हापासून. शेजारच्या बाईशी नळावरून माझं भांडण झालं, त्या दिवशी तू तिच्याकडे जाऊन माफी मागून आलास, आणि मी तुझ्याशी बोलणं टाकलं. वहिनीने मध्ये पडून दोघांनाही जेवायला वाढलं. वहिनी म्हणायची, "एकाला बोलता येत नाही आणि एकीला थांबता येत नाही, माझं नशीब." पण त्याच घरात तू गच्चीवर दुरुस्त केलेली एक वेताची खुर्ची मी खालच्या मजल्यावरच्या माणसाला विकली. तू ती फुकट देणार होतास. मी जिन्यात त्याला गाठलं. तिथून माझा धंदा सुरू झाला. आज मानपाड्याला माझी शेड आहे. बंगल्यांतून, बंद पडलेल्या रिसॉर्टमधून, क्लबमधून जुनं बागेतलं फर्निचर उचलायचं, नीट करायचं आणि विकायचं. लोक म्हणतात कुंदाताईने शून्यातून उभं केलं. शून्यातून नाही. तुझ्या खुर्चीतून. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आता तू पुढच्या मालात वाटा मागशील असा विनोद मी केला असता, आणि विषय गेला असता. असेच गेले आपले सगळे विषय.

तुझ्याबरोबर धंदा करणं म्हणजे शिक्षा होती. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलंय, हात फिरवतंय, खूश आहे, आता भाव ठरणार, तेवढ्यात तू काचपेपर हातात घेऊन मागून येणार. "मागचा उजवा पाय मी बदललेला आहे हां. जुन्यात वाळवी होती." गिऱ्हाईक लगेच खाली वाकून पाय बघणार. मी तुझ्याकडे बघणार. तू म्हणणार, "अगं, त्यांना माहीत पाहिजे ना. उद्या पाऊस लागला की नवं लाकूड वेगळं फुगतं." मी तुला किती वेळा सांगितलं की दादा, विचारल्याशिवाय सांगायचं नाही. विचारलं तर खोटं बोलायचं नाही, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही. याला धंदा म्हणतात. तू म्हणायचास, याला लपवाछपवी म्हणतात. आणि गिऱ्हाईक आपलं दोघांचं भांडण ऐकत उभं. एकदा येऊरच्या बंगल्यातल्या झोपाळ्यावरून आपण इतकं भांडलो की ते नवरा-बायको घाबरून ठरल्या भावाला झोपाळा घेऊन गेले. त्या दिवशी मी तुला म्हटलं, "बघ, भांडणाचा फायदा असतो." तू हसलास. तुझं ते हसणं मला आता नीट आठवतही नाही. मी डोळे मिटून बसते आणि मला फक्त तुझे हात दिसतात. नखांत तेलाचा काळा मळ, अंगठ्याला पटाशीचा जुना वण. चेहरा येत नाही.

आपलं सगळ्यात मोठं भांडण मात्र नावांवरून. बागेतल्या बाकांवर नावं असतात, अमक्यातमक्याच्या स्मरणार्थ. एक ट्रस्टची बाग बंद झाली, तिथले बाक मी उचलले. चांगलं सागवान, उन्हापावसात करडं पडलेलं, वरवर शेवाळ. पण पाठीच्या वरच्या पट्टीवर ठळक रंगात कुणाकुणाची नावं. मी तुला सांगितलं, आधी नावं खरवड. तू म्हणालास, नाही.

"नाही म्हणजे? आपल्या गॅलरीत परक्या मयत माणसाच्या नावाला पाठ टेकून चहा कोण पिणार?"

"मग विकू नको."

"मी विकू नको?"

"कुंदे, घरचं माणूस गेलं तेव्हा कुणीतरी हे नाव घातलंय. आपण कोण खरवडणार?"

"आपण पैसे देऊन माल उचललेली माणसं. आणि हे बघ, खरवडायचं नसेल तर पट्टी उलटी मार. नाव मागे जाईल, भिंतीकडे. कुणाला दिसणार नाही, आणि तुझं पापही वाचेल."

हे या धंद्यात सगळे करतात. कोरलेलं नाव असेल तर रंधा मारून घालवण्यात लाकूड वाया जातं, म्हणून पट्टी काढायची, उलटी करायची, परत ठोकायची. चार मिनिटांचं काम. तू ऐकलं नाहीस. त्यातल्या एका बाकावरच्या नावाच्या घरच्यांचा पत्ता शोधलास, कल्याणला, आणि माझ्याच टेम्पोत बाक घालून घेऊन गेलास. सून दारात आली. तिने बाकाकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काका, सासऱ्यांचं नाव आहे ते ठीक आहे, पण ठेवू कुठे? आमच्या घरात आम्हीच आडवे झोपतो." तू बाक परत घेऊन आलास. मी तुला जे बोलायचं ते बोलले, टेम्पोवाल्यासमोर. तो बाक अजून शेडच्या मागे पडून आहे, सरळ नावासकट. मी तो विकला नाही, आणि तुझ्यामुळे विकला नाही असंही तुला कधी म्हटलं नाही. "गिऱ्हाईक मिळत नाही," एवढंच म्हटलं.

मी चुकत होते असं मी आजही म्हणणार नाही. मेलेल्या माणसासमोर लगेच सगळं कबूल करून टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. मी करणार नाही. मला पोट आहे, शेडचं भाडं आहे, कामाला चार माणसं आहेत. पण वहिनीचा बाक वेगळा होता, आणि तो मीच आणलेला होता.

तो बाक तिघं बसतील असा होता. वहिनीचा डावा खांदा आखडला तेव्हा तिला हात वर करून ठेवता यायचा नाही. म्हणून तू बाकाचा डावा हात कापून खाली घेतलास. उजवा होता तसाच. मी बघितलं आणि कपाळाला हात लावला. "दादा, हा आता कुणीही घेणार नाही. एक हात वर, एक खाली." तू म्हणालास, "विकायचाच नाहीये." घरात जागा नव्हती म्हणून सोसायटीच्या बागेत, बकुळीखाली ठेवलास. संध्याकाळी वहिनी त्याच कोपऱ्यात बसायची, हात त्या खालच्या हातावर टेकून. बाकीच्या बायका उरलेल्या जागेत. ती गेल्यावर तू वरच्या पट्टीवर, तिच्या कोपऱ्यात, पटाशीने 'शैला' कोरलंस. कैलासवासी नाही, स्मरणार्थ नाही, आडनाव नाही. मी विचारलं, एवढंच? म्हणालास, "तिला हाक मारताना मी आडनाव घेत होतो का?"

मूलबाळ नाही. वहिनीचा फोटो तू भिंतीवर लावला नाहीस. जे होतं ते त्या बाकात होतं. दरवर्षी पाऊस संपला की तू तो घासायचास, सावलीत वाळवायचास आणि जवसाचं तेल पाजायचास. मी म्हणायचे, पॉलिशचा एक हात मार, चकाकेल, चार वर्षं बघायला नको. तू म्हणायचास, बघायला नको असं कशाला पाहिजे?

मग रिडेव्हलपमेंट आलं. सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुझी राहिली. कुणी जास्त चटई क्षेत्र मागितलं, कुणी पार्किंग, कुणी वरचा मजला. तू म्हणालास, बाक नव्या बागेत पाहिजे. मला हे कळलं कधी? सगळं झाल्यावर. गुढीपाडवा झाला होता, तू शेडवर आलास, चहा घेतलास आणि म्हणालास, "सही देऊन टाकली."

"बाकाचं?"

"नाईकांनी सगळ्यांसमोर शब्द दिला. म्हणाले, काका, बाक म्हणजे सोसायटीची ठेव."

"लिहून घेतलंस?"

"कशाला?"

"मिनिट्समध्ये तरी आलं का?"

"कुंदे, बाकडं आहे ते. बंगला नाही."

"मला का नाही नेलंस मीटिंगला? आयुष्यभर मी भाव ठरवायचंच काम करते. लोक मला पैसे देऊन नेतात रे!"

तू बशीत चहा ओतलास, फुंकर घातलीस आणि म्हणालास, "तू आली असतीस तर भांडण झालं असतं."

दादा, हे वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही. तेव्हा मी रागाने उठून गेले, गिऱ्हाईक आल्याचा बहाणा करून. तुला माझी लाज वाटली. त्या सुशिक्षित, हळू आवाजात बोलणाऱ्या माणसांपुढे आपली बहीण ओरडेल, टेबलावर हात आपटेल, याची. आपटला असता मी हात. कागद काढायला लावला असता, बाकाचं माप लिहायला लावलं असतं, खाली सेक्रेटरीची सही. ते हसले असते मला. हसू दे. बाक आज असता. मला हे तुझ्याशी भांडायचं होतं. नीट, बसून, एकदाच. मी ठरवलं होतं की दिवाळी झाली की विषय काढायचा. दिवाळी झाली आणि तू गेलास. आता मी कुणाशी भांडू? तुझ्यावर रागवायचा माझा हक्क होता, आणि तुझ्या फोटोला हार घातल्यावर लोक म्हणतात, आता कसला राग. आहे. तसाच आहे. आणि तो ठेवायला जागा नाही.

घर रिकामं करून तू माझ्या जवळ, मानपाड्याला भाड्याच्या खोलीत आलास. मला बरं वाटलेलं. वाटलं, आता रोज दिसशील. बाक नाईकांनी ठेवून घेतला होता, सोसायटीने सामानासाठी जागा घेतली आहे, तिथे ठेवतो म्हणाले. तू गॅलरीत नव्या पट्ट्या करायला घेतल्यास. बाकाच्या बसायच्या पट्ट्यांपैकी काही कुजायला आल्या होत्या. नव्या बागेत जाताना बाक नवा झालेला असू दे, असं तुझं म्हणणं. मी तुला चांगलं जुनं सागवान काढून दिलं. भाव केला नाही. तू म्हणालास, "आजारी आहेस का?"

मापं तुझ्याकडे लिहिलेली नव्हती, हातात होती. पट्ट्या तासल्यास, गोल कडा मारल्यास, खुंट्यांसाठी भोकं पाडलीस. पावसात नाईकांना फोन करायचास. मी दोनदा समोर होते. फोनचा आवाज मोठा ठेवायची तुझी सवय, म्हणून मी माझ्या कानांनी ऐकलंय.

"आहे हो काका. अगदी सुरक्षित. वर ताडपत्री टाकलीये."

तू फोन ठेवलास आणि काळजीत पडलास. मी म्हटलं, आता काय? म्हणालास, "ताडपत्री अंगाशी लागली असेल तर लाकडाला हवा मिळणार नाही. काळं पडेल. बुरशी येईल." आणि दुसऱ्या दिवशी परत फोन. "नाईकसाहेब, एक त्रास देतो. ऊन असेल तेव्हा ताडपत्री थोडी वर करता येईल का? नुसती एका बाजूने."

"हो हो, काका. करतो ना."

"रोज नको. अधूनमधून."

"अहो, निश्चिंत राहा."

दिवाळीतही तू शुभेच्छा द्यायला फोन केलास आणि शेवटी विचारलंस, "ताडपत्री?" ते म्हणाले, "कालच वर केलेली." तू इतका खूश झालास की फराळाचा डबा त्यांच्याकडे पाठवायला निघालास. मी पाठवू दिला नाही. का ते मला तेव्हा कळलं नव्हतं. नुसता माझा स्वभाव.

त्यानंतर तू गेलास. सकाळी गॅलरीत खाली बसलास आणि उठला नाहीस. शेजाऱ्यांनी मला बोलावलं तेव्हा तुझ्या मांडीवर काचपेपर होता. मला त्यावर जास्त लिहायचं नाही.

विधी उरकल्यावर मला वाटलं, पट्ट्या तयार आहेत, त्या बसवून टाकाव्यात. मी नाईकांना फोन केला, बाक बघायला येते म्हटलं. ते म्हणाले, किल्ली कॉन्ट्रॅक्टरकडे आहे. कॉन्ट्रॅक्टरला केला, तो म्हणाला, कसली किल्ली? परत नाईकांना केला, त्यांनी उचलला नाही. मी या धंद्यात म्हातारी झाले, दादा. किल्लीचं पहिलं वाक्य ऐकलं तेव्हाच मला कळलं, माल गेलेला आहे.

मी ओळखीच्या व्यापाऱ्यांना फोन लावले. सगळ्यांना एकच विचारलं, एक हात वर, एक हात खाली असा बाक कुणाकडे आलाय का. कल्याणचा मोहन म्हणाला, "आहे की ताई. पडून आहे. डिफेक्टिव्ह पीस म्हणून कोणी हात लावत नाय." मोहनला तू ओळखतोस, खाडीकडे त्याचं गोदाम आहे. मी तुझी एक पट्टी बरोबर घेतली, ती रिक्षाबाहेर येत होती, तशीच धरून बसले, आणि गेले.

मोहनने बाक पुढे ओढला. मला वाटलं, हा नाही. हा लहान आहे. दोघांचा आहे. वर चकाकतं पॉलिश, मधासारखं. पण डावा हात खाली होता.

"हा असाच आला?"

"नाय ताई, तिघांचा होता. आजकालच्या बाल्कनीत तिघांचा मावतो का? कापून दोघांचा केला. डाव्या बाजूने घेतला, हात आत सरकवला. झकास झालाय ना?" मग तो माझ्या तोंडाकडे बघून घाईने म्हणाला, "तुमच्यासाठी भाव वेगळा."

मी बाकाच्या मागे हात घातला. वरच्या पट्टीच्या मागे, भिंतीच्या बाजूला. पॉलिश फक्त पुढे मारलेलं. मागे तुझं तेल प्यायलेलं लाकूड होतं, कोरडं, ओळखीचं. बोटं सरकवत मी कडेपर्यंत नेली. कडेला अक्षर लागलं. 'शै'. त्याच्या पुढे काही नाही. करवतीची कड.

पट्टी उलटी मारली होती, दादा. मी सगळ्यांना सांगते तशीच.

"याच्या कापलेल्या तुकड्याचं काय केलंस?" मी विचारलं.

"तुकडा? गेला असेल बंबात. ताई, काय झालं? बसा. अरे, पाणी आणा."

मी बसले नाही. बरोबर नेलेली पट्टी बाकावर ठेवून बघितली. डाव्या हाताच्या बाहेर हातभर आली. तू अख्खा पावसाळा घालवून घडवलेल्या त्या पट्ट्यांतली एकही आता या बाकाला बसणार नाही. मोहन बिचारा मदत करायला म्हणून बोलला, "लांब होतेय. कापून देऊ का?" मी त्याला जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. त्याने ऐकून घेतली. नंतर मी त्याला सगळं सांगितलं आणि तो उकिडवा बसला, डोकं धरून.

मग त्यानेच सांगितलं ते मला सांगायचंय. बाक त्याच्याकडे पावसाच्या आधी आला, तुम्ही घरं रिकामी केल्यावर लगेच. पण त्याने तो बघितला होता त्याच्या कितीतरी आधी. "होळीच्या सुमाराला आलेलो मी बागेतला माल बघायला. कमिटीचे दोघं-तिघं होते. बाक दाखवला मला. मी बोललो, हा आत्ता उचलतो. तर एक जण बोलला, आत्ता नको, काका राहतायत अजून. ते गेले की न्या."

"कोण बोललं?"

"नाव कसं माहीत असणार ताई? चष्मा होता. शर्ट खोचलेला. तसे तर सगळेच होते."

होळीला. तुझी सही पाडव्यानंतर. म्हणजे नाईक तुला सगळ्यांसमोर शब्द देत होते तेव्हा त्या मीटिंगमध्ये कुणीतरी असं बसलं होतं, ज्याला माहीत होतं की बाक विकला गेला आहे. कदाचित तेच. कदाचित त्यांच्या शेजारचा. आणि तू उठून सगळ्यांना नमस्कार केला असशील. मला माहीत आहे तू केला असशील.

मी नाईकांच्या घरी गेले, त्यांच्या भाड्याच्या घरी, दुपारी, न कळवता. त्यांनी मला आत घेतलं, पाणी दिलं. ताडपत्रीचं विचारलं तेव्हा म्हणाले, "कुंदाताई, म्हातारं माणूस. रोज फोन. बरं वाटावं म्हणून बोललो हो. त्यांना तेवढाच आधार."

"आणि होळीला बाक कुणी दाखवला?"

"ते मला आठवत नाही. कमिटीचं काम आहे, एकट्याचं नसतं. आणि खरं सांगू का, एका बाकड्याचं काय घेऊन बसलात? नव्या बागेत काकांच्या नावाचा ग्रॅनाइटचा बाक ठेवू आपण. ठरावच करू."

दादा, मी मालातले दोष लपवते. ते तुला माहीत होतं, देवालाही माहीत आहे. पण विकलेल्या मालावर ताडपत्री टाकली आहे, ऊन पडलं की वर करतो, असं मी कुणाला कधी सांगितलं नाही. तुला हा असला आधार कुणी मागितला होता? तुला खरं सांगितलं असतं तर तू स्वतः कल्याणला गेला असतास, टेम्पो करून, आणि बाक अख्खा असतानाच परत आणला असतास. तुला दुःख झालं असतं, पण हातात काम असतं. तुझ्यासारख्या माणसाला त्यांनी सहा महिने हवेत रंधा मारायला लावला.

बाक मी शेडमध्ये आणून ठेवला आहे. पट्टी काढून सरळ करावी म्हणून मी पेचकस हातात घेते आणि परत ठेवते. सरळ केली तर अर्धी वहिनी दिसणार. उलटी ठेवली तर मी मोहनपेक्षा वेगळी कशी? कामाची माणसं विचारतात, ताई, काय करायचं याचं? मला माहीत नाही. मोडलेल्या वस्तूचं काय करायचं हे मी नेहमी तुला विचारत आले. आता मला कळतंय की मला एवढ्या वर्षांत फक्त भाव सांगता येत होता. बाकीचं सगळं तू सांगत होतास. लोक म्हणतात दिवस जातील तसं हलकं होईल. मला तसं काही दिसत नाही. सकाळी शेड उघडते, तेलाचा वास येतो, आणि दिवस तिथेच संपतो.

हे लिखाण मी तुमच्या सोसायटीच्या प्रत्येक घरी पाठवणार आहे, सगळे जिथे जिथे भाड्याने पांगलेत तिथे. वार्षिक सभा आहे. मी सभासद नाही, मला आत घेणार नाहीत, मला माहीत आहे. मी दारात उभी राहीन. ओरडणार नाही. तुझ्यासाठी एवढं करीन.

तर नाईक, आता तुमच्याशी बोलते. ग्रॅनाइट नको. ठराव नको. माफीचं पत्र नको, ते तुम्ही छान लिहाल. माझ्या भावाला जिवंतपणी कुणी सांगितलं नाही, ते आता सगळ्यांसमोर सांगा. होळीच्या दिवसांत बागेत उभं राहून, "ते गेले की न्या," असं जो बोलला, तो तुमच्यातलाच आहे, आणि त्या सभेत खुर्चीवर बसलेला असणार. त्याला उभं करा. तुम्हीच असाल तर तुम्ही उभे राहा. मला नाव पाहिजे. अख्खं.